नवजात बाळ कायदेशीरपणे सोपवायचं असेल तर: क्रम, कागद आणि नेहमी होणाऱ्या चुका

बाळ वाढवणं शक्य नाही अशा अडचणीत सापडलेल्या बाईला आपल्याकडे बहुतेक वेळा दोनच सल्ले मिळतात. एक, "देवळाच्या पायरीवर ठेव, कुणीतरी उचलेल." दुसरा, "माझ्या ओळखीचं एक जोडपं आहे, डॉक्टर सगळं बघतील." पहिल्यात बाळाचा जीव जाऊ शकतो. दुसऱ्यात आई, डॉक्टर आणि ते जोडपं, सगळेच गुन्ह्यात अडकू शकतात. तिसरा रस्ता बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 35 मध्ये आहे: बाळ बालकल्याण समितीसमोर रीतसर सरेंडर करणं. त्यात आईवर गुन्हा दाखल होत नाही, एक रुपयाही लागत नाही, पेपरात काही छापून येत नाही, आणि विचार बदलला तर दोन महिन्यांच्या आत बाळ परत मागता येतं.

अलीकडे आणखी एक गोंधळ वाढला आहे. अमेरिकेतल्या सेफ हेवन कायद्यांबद्दल मोबाईलवर वाचून काहींना वाटतं, की इथेही दवाखान्यात किंवा अग्निशमन केंद्रात बाळ देऊन नाव न सांगता निघून जाता येतं. भारतात तसा कायदा नाही. इथली पद्धत वेगळी आहे आणि तिला तिचा क्रम आहे. तो क्रम चुकला की त्रास होतो, म्हणून हा लेख. तो त्या आईसाठी आहे, तसाच तिच्यासोबत उभ्या राहणाऱ्या मावशी, मैत्रीण, आशाताई यांच्यासाठीही.

बाळ आत्ता हातात असेल तर थेट टप्पा 3 वर जा. बाळ आधीच कुठेतरी ठेवून आला असाल, तर वाचणं थांबवा आणि 1098 किंवा 112 ला जागा सांगा. नाव सांगण्याची गरज नाही.

## सुरुवातीला हा फरक समजून घ्या

बाळ हातातून जाण्याचे तीन प्रकार आहेत आणि कायद्यात तिन्हींचे परिणाम वेगवेगळे आहेत.

सरेंडर. आई समितीसमोर येते, बोलते, सही करते. तिचं नाव समितीच्या कागदावर राहतं, पण ते गोपनीय असतं. बाळाची जाहिरात निघत नाही.

पाळणा. काही सरकारी रुग्णालयांबाहेर आणि शिशुगृहांच्या दाराशी पाळणा ठेवलेला असतो. त्यात बाळ ठेवणारीला कुणी थांबवत नाही, नाव विचारत नाही. बाळाचा जीव वाचतो. पण ते बाळ कायद्याच्या भाषेत टाकलेलं ठरतं. मग पालकांचा शोध घेण्यासाठी त्याचा फोटो वर्तमानपत्रात छापावा लागतो, पोलिसांचा अहवाल मागवला जातो. आईने नंतर परत मागितलं तर ते आपलंच आहे हे तिला सिद्ध करावं लागतं. आणि त्या मुलाला मोठेपणी आपल्या आजारांचा, रक्ताचा, घराण्याचा काहीच पत्ता लागत नाही.

उघड्यावर सोडणं. 12 वर्षांखालचं मूल असं सोडून देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 93 खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट ही, की नवजात बाळाचं शरीर थंडी सहन करू शकत नाही. कुत्री, मुंग्या, पाऊस यांचं तर विचारायलाच नको.

माझं मत स्पष्ट आहे: शक्य असेल तिथे सरेंडरच करा. आईच्या जिवाला घरच्यांकडूनच धोका असेल आणि समितीपर्यंत पोहोचणं खरोखर अशक्य असेल, तेव्हाच पाळणा. उघड्यावर कधीच नाही. "कुणीतरी उचलेल" या भरवशावर बाळ कधीच ठेवू नका.

पोलिसांची भीती सगळ्यांनाच असते, म्हणून इथेच सांगते. बाल न्याय कायद्याच्या कलम 38 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे, की टाकलेल्या किंवा सरेंडर केलेल्या बालकाच्या चौकशीत जन्मदात्या पालकांवर एफआयआर नोंदवला जाणार नाही. शिवाय कलम 75 म्हणतं, की परिस्थितीमुळे नाइलाजाने मूल सोडावं लागलं असेल तर ते जाणूनबुजून केलं असं धरलं जाणार नाही आणि त्या कलमातली शिक्षा लागू होणार नाही. हे दोन आकडे कागदावर लिहून जवळ ठेवा. कुणी घाबरवलं तर उपयोगी पडतात.

## टप्पा 1: प्रसूतीच्या आधी

दिवस हातात असतील तर ते वापरा. बहुतेक चुका प्रसूतीनंतरच्या घाईत होतात.

1. योग्य माणसाशी बोला. 1098 ही बालकांसाठीची मोफत हेल्पलाइन 24 तास चालू असते, 181 ही महिलांसाठी. दोन्हीकडून तुमच्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा आणि जवळच्या विशेष दत्तक संस्थेचा, म्हणजे ज्याला बोलण्यात शिशुगृह म्हणतात त्याचा, पत्ता मिळतो. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षातही मिळतो.

2. संस्थेची मान्यता तपासा. 'अनाथाश्रम' अशी पाटी असली म्हणजे ती दत्तक संस्था असतेच असं नाही. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे 'कारा', यांच्या संकेतस्थळावर जिल्हावार यादी असते. पुण्यात ससूनच्या आवारातलं श्रीवत्स, अहिल्यानगरचं स्नेहांकुर, पंढरपूरचं नवरंगे बालकाश्रम ही नावं अनेकांनी ऐकलेली असतात, पण नाव ओळखीचं असलं तरी यादी बघाच.

3. राहण्याची सोय. घरात राहणं शक्य नसेल तर सखी वन स्टॉप सेंटर या महिलांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात तात्पुरता आसरा मिळतो, शक्ती सदन या सरकारी निवारागृहात जास्त काळ राहता येतं. काही दत्तक संस्थाही प्रसूतीपर्यंत सांभाळतात. त्याच्या बदल्यात बाळ दिलंच पाहिजे अशी अट कुणालाही घालता येत नाही. कुणी घातली तर तिथून निघा आणि 181 ला कळवा.

4. वकील. विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न काहीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. हेल्पलाइन 15100.

> इशारा: बाळ जन्मायच्या आधी कुठल्याही कागदावर, स्टॅम्पपेपरवर किंवा कोऱ्या पानावर सही करू नका. जन्माआधी केलेलं सरेंडर कायद्यात सरेंडर धरलंच जात नाही. असा कागद पुढे करणारा माणूस तुमच्या बाजूचा नाही.

## टप्पा 2: रुग्णालयात

प्रसूती दवाखान्यातच करा. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या आणि रक्त मोफत आहे. गाडी 108 किंवा 102 ला फोन करून मिळते.

भरती होताना खरं नाव द्या. खोटं नाव सांगणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे, आणि तीच पुढे सगळं अडवते: दवाखान्याचा कागद एका नावाचा, ओळखपत्र दुसऱ्या नावाचं, आणि समितीला कळत नाही की बाळ नक्की कुणाचं. गुप्तता हवी असेल तर वॉर्डच्या सिस्टरला किंवा वैद्यकीय समाजसेवकाला लवकरात लवकर बाजूला घेऊन सांगा, "मला बाळ सरेंडर करायचं आहे, हे माझ्या नातेवाइकांना सांगू नका." मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, या कामाची त्यांना सवय असते.

सज्ञान स्त्री अविवाहित आहे, एवढ्यावरून पोलिसांना कळवावं अशी तरतूद कायद्यात नाही. आई 18 वर्षांखालची असेल तर मात्र पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. पण त्या भीतीने मुलीला दवाखान्यात न्यायचं टाळू नका. तिच्यावर गुन्हा नाही, ती कायद्याच्या दृष्टीने पीडित आहे, आणि अशा मुलीवर उपचार मोफत करणं सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांना बंधनकारक आहे.

दवाखाना सोडण्याआधी तपासा:

- डिस्चार्ज कार्डावर जन्माची तारीख, वेळ, वजन आणि बाळ मुलगा की मुलगी हे बरोबर लिहिलं आहे का?
- बाळाला बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि हिपॅटायटिस बीची लस मिळाली का? हिपॅटायटिस बी 24 तासांच्या आत द्यायची असते.
- आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर आईला 72 तासांत अँटी-डी इंजेक्शन लागतं. बाळ सोबत न्यायचं नाही या गडबडीत हे हमखास राहून जातं आणि पुढच्या गरोदरपणात महागात पडतं.
- आई एचआयव्ही बाधित असेल तर बाळाचं औषध सुरू झालं का?

सगळ्यात बरं म्हणजे दवाखान्यातूनच समितीला कळवायला सांगणं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक समितीसमोर हजर करण्याचा अधिकार डॉक्टर, नर्स आणि रुग्णालय प्रशासनालाही कायद्याने दिला आहे.

> इशारा: "बाळ इथेच ठेवा आणि जा, आम्ही चांगल्या घरी देतो" असं सांगणाऱ्या नर्सिंग होमपासून लांब राहा. प्रक्रिया डावलून दत्तक देणं-घेणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम 80 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. पैसे फिरले तर कलम 81 लागतं, आणि बाळ ज्यांच्या ताब्यात होतं त्यांनी, दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांनीसुद्धा, ते केलं असेल तर किमान तीन ते सात वर्षं कैद आहे. "फक्त दवाखान्याचं बिल ते भरतील" हेही धोक्याचंच.

नात्यातल्या कुणाला बाळ द्यायचं असेल तर त्याची कायदेशीर पद्धत निराळी आहे. त्यासाठी आधी विधी सेवेच्या वकिलाला भेटा. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून काम होत नाही.

## टप्पा 3: बाळ हातात असताना

प्रसूती घरी किंवा वाटेत झाली असेल तर क्रम असा:

1. 108 ला फोन करा.
2. बाळाला कोरड्या, स्वच्छ कपड्याने पुसा. ओला कपडा लगेच बाजूला टाका.
3. बाळाला आईच्या उघड्या छातीवर पोटाशी ठेवा, वरून दोघांवर पांघरूण घाला, बाळाचं डोकं झाका. चेहरा उघडा राहू द्या.
4. नाळ ओढू नका. घरातल्या ब्लेडने, विळीने कापू नका. वार पडली असेल तर तीही बाळासोबत गुंडाळून ठेवा, दवाखान्यात कापतील.
5. नाळेला हळद, राख, शेण, तेल काहीही लावू नका. बाळाला आंघोळ घालू नका.
6. मध, गुटी, साखरपाणी नको. आईला जमत असेल तर अंगावर पाजावं. "पाजलं की माया लागते, मग देववणार नाही" म्हणून बायका थांबवतात. पण पहिलं घट्ट दूध हे त्या बाळाचं पहिलं संरक्षण आहे. द्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा, दुसऱ्या कुणी नाही.

बाळ श्वास घेताना कण्हत असेल, निळसर दिसत असेल, हात-पाय गार पडले असतील किंवा दूध ओढत नसेल, तर समिती वगैरे सगळं नंतर. आधी दवाखाना. आईचं पॅड तासाभरात पूर्ण भिजत असेल, ताप असेल, डोळ्यांपुढे अंधारी किंवा झटके येत असतील, तर तिलाही तितक्याच तातडीने न्या.

बाळ मृत जन्मलं किंवा गेलं तर ते लपवून पुरू नका. गुपचूप विल्हेवाट लावणं हा वेगळा गुन्हा होतो. 108 ला फोन करा आणि दवाखान्यात नोंद करा.

## टप्पा 4: समितीपर्यंत

बालकल्याण समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक स्त्री असावीच लागते. समितीला दंडाधिकाऱ्यांसारखे अधिकार आहेत, पण ती कोर्ट नाही. पिंजरा नाही, काळा कोट नाही, समोरासमोर बसून बोलणं आहे. बैठका बहुधा बालगृहात किंवा निरीक्षणगृहाच्या आवारात होतात.

समिती महिन्यातून किमान 20 दिवस बसते. आज बैठक नसेल तर "उद्या या" ऐकून बाळ घेऊन परत जाऊ नका. बैठक नसताना एका सदस्यासमोरही बाळ हजर करता येतं आणि त्याची सोय लावता येते. रात्री-अपरात्री 1098 ला फोन करा किंवा मान्यताप्राप्त शिशुगृहात जा. तिथे बाळ घेतात आणि 24 तासांच्या आत समितीसमोर नेतात.

गावाला कळू नये म्हणून अनेक जणी दुसऱ्या शहरात जाऊन प्रसूत होतात. त्यात गैर काही नाही. बाळ जिथे आहे त्या जिल्ह्याच्या समितीकडे जा. गोव्यात किंवा महाराष्ट्राबाहेर असाल तरी कायदा हाच आहे.

सोबत न्यायचं:

- आईचं ओळखपत्र, असेल तर
- डिस्चार्ज कार्ड, बाळाचं लसीकरण कार्ड
- लग्न झालेलं असेल तर पतीही सोबत. पती वारला असेल तर मृत्यूचा दाखला
- आई अल्पवयीन असेल तर विश्वासाची सज्ञान व्यक्ती

कागद नाहीत म्हणून घरी थांबू नका. लिहिता येत नसेल तर समितीने विधी सेवेच्या वकिलाकडून अर्ज लिहून द्यायचा असतो. तो तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

## टप्पा 5: कोण सही करू शकतं

सगळ्यात जास्त फेऱ्या इथे वाया जातात.

अविवाहित आई: फक्त आईच सरेंडर करू शकते. बाळाच्या बापाची, आजोबांची, मामाची संमती लागत नाही. तिचं सरेंडर एका महिला सदस्यासमोरही होऊ शकतं आणि ते समितीसमोर झालेलंच मानलं जातं. पाच जणांसमोर बसायचं नसेल तर हे आवर्जून मागा.

विवाहित जोडपं: दोघांच्या सह्या लागतात. पती बेपत्ता असेल तर एकटीच्या सहीने सरेंडर होत नाही. समिती मग त्या बाळाला टाकलेलं बालक मानून चौकशी करते. म्हणजे बाळ स्वीकारलं जातं, फक्त वाट लांबते.

आई 18 वर्षांखालची: आई सही करते आणि सोबतची सज्ञान व्यक्ती साक्षीदार म्हणून सही करते.

आजी, मावशी, भाऊ: न्यायालयाने पालक म्हणून नेमलेलं नसेल तर त्यांना सरेंडर करता येत नाही. मुलीला घरी ठेवून तिची आई एकटीच बाळ घेऊन येते, हे वारंवार घडतं. असं आणलेलं बाळही टाकलेलं धरलं जातं आणि ज्या जाहिरातीची सगळ्यांना भीती, तीच निघते.

विवाहित स्त्री, पण मूल पतीचं नाही: लग्न टिकून असताना झालेलं मूल कायदा पतीचंच गृहीत धरतो. समितीसमोर 'अविवाहित' असं खोटं सांगून ही अडचण सुटत नाही, उलट पुढे दत्तकाचा आदेशच धोक्यात येतो. आधी वकिलाला सगळं खरं सांगा.

## टप्पा 6: समुपदेशन

समितीने आणि संस्थेने आईशी बोलणं सक्तीचं आहे. बाळ तुमच्याकडेच राहू शकेल का, हे त्यांनी तपासायचंच असतं. याला उलटतपासणी समजू नका. पण तुमच्यावर ओरडणं, चारित्र्यावर बोलणं, बापाचं नाव सगळ्यांसमोर वदवून घेणं, हे समुपदेशन नव्हे. "मला एकटीने बोलायचं आहे" असं म्हणा. सोबत आलेल्या नातेवाइकांना बाहेर पाठवायला सांगा. विशेषतः "तिसरीही मुलगीच झाली" म्हणून सासरचे बाळ द्यायला लावत असतील, तर हे एकांतातच सांगता येतं, आणि सांगा. दबावाखालची संमती ही संमती नाही.

कारण फक्त पैशांचं असेल तर तेही बोला. एकल पालकांच्या मुलांसाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालकांसाठीच्या योजनेखाली प्रायोजकत्वाची, म्हणजे मुलाच्या खर्चासाठीची मदत आहे, दोन्हींत दरमहा ठरावीक रक्कम मिळते. पुरेल का? अनेकींना नाही पुरणार. पण निर्णय घेण्याआधी ही माहिती तुम्हाला मिळायलाच हवी. बाळाला जन्मजात व्यंग असेल तरीही प्रक्रिया हीच. अशा बाळाला संस्था नाही म्हणू शकत नाही.

इथेच बाळासाठी एक काम मनापासून करा: आरोग्याचा इतिहास सांगा. दोन्ही बाजूंच्या घरात सिकलसेल, थॅलेसेमिया असे रक्ताचे आजार, मधुमेह, फिट्स, हृदयाचे आजार, ऐकू न येणं, मानसिक आजार आहेत का? गरोदरपणात कुठली औषधं, दारू, तंबाखू, मिश्री घेतली? नंदुरबार, गडचिरोलीसारख्या भागांत सिकलसेलची एक ओळ त्या मुलाचं आयुष्य वाचवू शकते. गरोदरपणातल्या तंबाखूची लाज वाटून ती लपवू नका. तुमच्याशिवाय हे त्या बाळाला कुणीही सांगू शकणार नाही.

## टप्पा 7: सरेंडर डीड, सही करण्याआधी वाचा

सरेंडर डीड म्हणजे बाळ सोपवल्याचा सही केलेला कागद. तो मराठीत वाचून दाखवा असं सांगा. घाई करणाऱ्यांना थांबवा. डीडमध्ये हे असतं:

- तुम्ही स्वतःच्या मर्जीने बाळ देत आहात, कुणाकडून पैसे किंवा मोबदला घेतलेला नाही.
- बाळ दत्तक दिलं जाऊ शकतं, परदेशातही.
- 60 दिवसांच्या आत निर्णय बदलता येईल. त्यानंतर सरेंडर पक्कं होईल आणि बाळावर हक्क सांगता येणार नाही.
- मूल मोठं होऊन मूळ शोधायला आलं, तर तुमचं नाव-पत्ता त्याला सांगावा की सांगू नये.

शेवटचा मुद्दा बहुतेक जणी न वाचताच खूण करतात. तिथे दोन पर्याय असतात. 'सांगू नये' निवडलं, तर पुढे मुलाने कितीही विचारलं तरी तुमची लेखी संमती घेतल्याशिवाय माहिती देता येत नाही. 'सांगावा' निवडलं, तर ते मूल एक दिवस दारात येऊ शकतं. दोन्ही बरोबरच आहेत. फक्त निवड तुमची स्वतःची असू द्या, कारकुनाने परस्पर केलेली नको.

दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ओळखीचं कुणी नको असेल तर संस्थेच्या समाजसेविका साक्षीदार राहू शकतील का, ते विचारा.

> तपासा: डीडवरची तारीख बरोबर आहे का? 60 दिवस तिथून मोजले जातात. डीडची एक प्रत मागून घ्या. ती आईला द्यायची असा नियम आहे. घरी ठेवणं धोक्याचं असेल तर वकिलाकडे किंवा विश्वासातल्या मैत्रिणीकडे ठेवा. फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवू नका, मोबाईल घरातले सगळेच उघडतात.

## टप्पा 8: पुढचे 60 दिवस

सहा वर्षांखालचं बाळ या काळात दत्तक संस्थेत राहतं. त्याला कुणाच्याही घरी दत्तक पाठवता येत नाही. हे दिवस आईसाठी आहेत.

परत घ्यावंसं वाटलं तर समितीकडे लेखी अर्ज द्या. फोनवर सांगून किंवा संस्थेच्या दारात रडून काम होत नाही, आणि "बघू, पुढच्या आठवड्यात या" असं कुणी म्हटलं तर मुदत थांबत नाही. अर्जाची पोच घ्या, तारीख-शिक्क्यासह. पन्नासाव्या दिवसापर्यंत थांबू नका, मध्ये सुट्ट्या येतात. समिती घरची चौकशी करून निर्णय देते.

मुदत संपली की संस्था प्रकरण समितीसमोर ठेवते आणि किमान तीन सदस्यांच्या निर्णयाने बाळ दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त जाहीर होतं. त्यानंतर काराच्या यादीतल्या पालकांना क्रमाने बाळ दाखवलं जातं आणि दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. "माझ्या ओळखीच्या जोडप्यालाच द्या" अशी अट सरेंडरमध्ये घालता येत नाही.

बाळ नसलं तरी शरीराला ते कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दुधाने दाटते, दुखते. घट्ट आधार देणारी ब्रा, थंड पाण्याच्या घड्या, आणि फार दुखत असेल तर आराम पडेल इतपतच दूध काढणं. पूर्ण काढलं तर आणखी येतं. लाल चट्टा, ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. सहाव्या आठवड्याची तपासणी चुकवू नका. झोप उडाली, सतत रडू येतंय, जगू नये असं वाटतंय, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. नाव न सांगताही बोला.

## परदेशातल्या मराठी मुलींसाठी थोडक्यात

अमेरिकेत सर्व राज्यांत सेफ हेवन कायदे आहेत, पण बाळाचं वय किती दिवसांपर्यंत चालतं हे राज्यागणिक बदलतं: कुठे तीन दिवस, कुठे महिना, टेक्ससमध्ये 60 दिवस. बाळ फक्त ठरलेल्या जागी आणि बहुतेक ठिकाणी माणसाच्या हातातच द्यायचं असतं. बंद केंद्राच्या पायरीवर ठेवलं तर संरक्षण मिळत नाही. जर्मनीत 2014 पासून गोपनीय प्रसूतीची सोय आहे. आईचं खरं नाव बंद लिफाफ्यात राहतं आणि मूल 16 वर्षांचं झाल्यावर ते पाहण्याचा हक्क त्याला मिळतो. व्हिसावर असलात तरी दवाखान्यात जाणं टाळू नका.

## दुसऱ्या कुणाचं बाळ सापडलं तर

1. बाळाला कोरड्या कपड्यात गुंडाळा, अंगाशी धरा, 108 ला फोन करा.
2. 24 तासांच्या आत 1098, पोलीस ठाणे, बालकल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कुणाला तरी कळवा. हे कायद्याने बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही.
3. "आम्हाला मूल नाही, देवानेच दिलं" म्हणून घरी ठेवून घेऊ नका. कितीही चांगल्या मनाने ठेवलं तरी ते बेकायदेशीर आहे, आणि लळा लागल्यावर बाळ काढून नेलं जातं तेव्हा हाल त्या बाळाचेच होतात. दत्तक हवं असेल तर काराच्या संकेतस्थळावर नोंदणी करा.
4. सापडलेल्या जागेची, कपड्यांची, सोबतच्या चिठ्ठीची माहिती पोलिसांना द्या. आईचा शोध आपण स्वतः घेत फिरू नका.
5. बाळाचा फोटो, गावाचं नाव, आईबद्दलचे तर्क व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. बालकाची ओळख प्रसिद्ध करणं बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. फोटो आधीच टाकला असेल तर काढा, आणि ज्यांना पाठवला त्यांनाही काढायला सांगा.